पेटीतला दिग्दर्शक

ओरेस्टला मी किती वेळा मारलं ते आता मलाही सांगता येणार नाही. विष घातलं, गोळ्या घातल्या, नदीत बुडवला, एकदा तर हॉटेलच्या कपडे वाळवायच्या मशीनमध्ये कोंबला. व्हँकुव्हरला टीव्हीच्या मालिकांची रंगभूषा करण्यात माझा जन्म गेला. त्यातल्या निम्म्या मालिका पोलिसांच्या, आणि पोलिसांच्या मालिकेला दर आठवड्याला ताजं प्रेत लागतं. ते प्रेत म्हणजे ओरेस्ट हुट्निक.

दिसायला वाईट नव्हता हं. उंच, दाट भुवया, आवाजही बरा. सस्कॅचवानमधल्या व्हर्बा नावाच्या गावातून हिरो व्हायला आला होता. पण उभा राहून बोलायला लागला की समोरच्याला वाटायचं, हा आता विमा गळ्यात मारणार. आडवा पडला की मात्र बघत राहावं. पापणी लवायची नाही, छाती वरखाली व्हायची नाही, गार फरशीवर उघड्या अंगाने पडला तरी काटा यायचा नाही. पहिल्याच दिवशी मी त्याच्या मानेवर दोरीचा वळ काढत होते, तेव्हा विचारलं, बाबा रे, ही विद्या शिकलास कुठे? म्हणाला, घरी. त्याच्या वडिलांचं गावात फ्युनरल होम, मेलेल्यांना नीटनेटकं करून पेटीतून निरोप देण्याचा धंदा. लपाछपी खेळताना हा गडी विकायला ठेवलेल्या शवपेट्यांत शिरायचा आणि गिऱ्हाईक आलं की श्वास रोखून पडायचा. एकदा एका बाईने झाकण उचलून बघितलं. बाई शुद्धीवर आली, पण पेटी काही खपली नाही.

मीही तिकडचीच. व्हर्बाच्या थोडं पुढे आमचं गाव. तसलाच गहू, तसलाच वारा, तसलेच युक्रेनहून आलेले आजे-पणजे. म्हणून आमचं जमलं, नाहीतर नटांशी मी कामापुरतं बोलते. आरशात बघत माणसाशी बोलायची त्यांना खोड असते आणि मला ती सोसत नाही.

त्याच्या वडिलांचे फोन यायचे, त्याची मला फार गंमत वाटायची. ओरेस्ट संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायचा. मी पेरोगी करायची, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, बटाटा भरून, वरून परतलेला कांदा. टीव्हीवर त्याचा मुडदा बघत आम्ही जेवायचो आणि मी माझ्याच कामाला नावं ठेवायची. तेवढ्यात फोन वाजायचा. म्हातारा विचारायचा, गाडीच्या इंजिनाचा हीटर लावलास का? आमच्याकडे हिवाळ्यात गाडी रात्रभर विजेच्या तारेला जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी इंजिनाचा दगड होतो. पण व्हँकुव्हरला धड बर्फही पडत नाही, नुसती पावसाची पिरपिर. तिथे त्या हीटरला कुत्रं विचारत नाही. तरी ओरेस्ट म्हणायचा, "लावलाय, टाटो." आमच्याकडे वडिलांना टाटो म्हणतात. एवढं झालं की फोन बंद. कामाचं काय चाललंय, टीव्हीवर दिसलास, चांगला मेलास, काही म्हणजे काही नाही. माझा बाप मला अजून व्हर्बातच धरून चाललाय, असं सांगून ओरेस्ट हसायचा. हसायचा खरा, पण उरलेले पेरोगी ताटात तसेच सोडायचा.

त्याला एकदाच बोलायचं वाक्य मिळालं. "थांबा, तुम्ही कोण?" एवढंच. त्यातल्या "तुम्ही"वर गोळी लागली.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस दिग्दर्शक कसा झाला? जमिनीवर पडून पडून झाला. उभ्या नटाला स्वतःखेरीज काही दिसत नाही. प्रेताला सगळं ऐकू येतं. वर उभे असलेले दोन पोलीस किती खोटं बोलतायत, कुठलं वाक्य उगाच आहे, दिग्दर्शकाला पुढचं काही सुचत नाही म्हणून तो नुसता बूट वाजवत फिरतोय, सगळं. शॉट संपला की ओरेस्ट उठून माझ्या खुर्चीत बसायचा आणि मी रक्त पुसत असताना मला सांगायचा, हा प्रसंग असा करायला हवा होता. बरोबर असायचं त्याचं. मलाच राग यायचा. शेवटी एकदा मी म्हणाले, मला कशाला सांगतोस, मी काय करू, तुझा सिनेमा तूच काढ की. माझं बोलणं त्याने मनावर घेतलं. लोक माझं चांगलं बोलणं कधी मनावर घेत नाहीत, आणि हे घेतलं.

त्याने दोन-तीन छोटे सिनेमे केले. एक लाँड्रीत, एक माझ्या स्वयंपाकघरात. पैसे कुणालाच नाहीत, जेवण सगळ्यांना. मी रंगभूषा करायची, कपडे बघायची, पाटी वाजवायची आणि मधेच शेजारीण म्हणून दार उघडायची. सिनेमे छोट्या महोत्सवांत लागले, लोक हसले, टाळ्या वाजल्या. सिनेमे खरंच बरे होते हो. आणि सेटवर ओरेस्ट उभा असायचा. ही त्याची पहिली अट होती. म्हणाला, "मार्लीन, माझ्या सिनेमात मी मरणार नाही. मी उभा राहणार आणि कट मीच म्हणणार."

हे कटचं प्रकरण समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यावरच झालाय. दिग्दर्शक कट म्हणेपर्यंत नटाने थांबायचं नाही आणि कॅमेऱ्याने थांबायचं नाही. आणि कट फक्त दिग्दर्शकाने म्हणायचं. दुसऱ्याने म्हटलं तर दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं. कुठल्याही सेटवर हे असतंच, पण ओरेस्टचं त्याहून भारी. इतकी वर्षं हा आडवा पडून दुसऱ्यांच्या कटची वाट बघत राहिलेला. तो शब्द आता त्याला मिळाला होता आणि त्या शब्दाला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. लाँड्रीच्या सिनेमात बाहेरून ट्रक गेला म्हणून आवाजवाल्याने कट म्हटलं, तर त्याला ओरेस्टने तिथल्या तिथे नारळ दिला. तेव्हापासून सगळ्यांनी धसका घेतला होता.

मग त्याने मोठा सिनेमा लिहिला. नाव दर आठवड्याला बदलायचं, त्यामुळे मी ते सांगत नाही. गोष्ट साधी. एका गावात एक लबाड माणूस मेलाय. सिनेमाभर लोक त्याच्याबद्दल बोलतात, प्रत्येकजण वेगळं सांगतो, आणि शेवटी सगळे त्याच्या पेटीभोवती जमतात. तो माणूस दिसतो तो फक्त तिथे, पेटीत. जागा ठरलेली होती. वडिलांचं फ्युनरल होम.

खरं कारण तो सांगायचा नाही, पण मला कळत होतं. पेट्या व्हँकुव्हरलाही भाड्याने मिळतात. त्याला म्हाताऱ्यापुढे उभं राहून काम करायचं होतं. चार माणसं आपलं ऐकतायत, आपल्या एका शब्दावर सगळं थांबतंय, हे बापाने एकदा डोळ्यांनी बघावं. बाकी पारितोषिकं वगैरे त्याला नको होती असं नाही, पण जीव अडकला होता तो इथे.

फेब्रुवारीत आम्ही व्हर्बाला पोचलो. मी, ओरेस्ट, कॅमेरावाली ग्वेन आणि आणखी थोडे. म्हाताऱ्याचं नाव वसील. सरळ ताठ, काळा सूट, बुटांत तोंड दिसेल अशी चमक. फोनवर बोलायचा तसाच प्रत्यक्षात, शब्द मोजून. जागा दिली, पण अटी घातल्या. प्रार्थनेच्या खोलीत शिव्या द्यायच्या नाहीत. पेटीच्या अस्तराला रंग लावायचा नाही. आणि एकच दिवस, त्यातही चारच्या आत सगळं आवरायचं, कारण चारला एक खरं कुटुंब आपल्या आजोबांना घेऊन येणार होतं. दुसरी तारीख मिळणार नव्हती. माणसं सिनेमावाल्यांच्या सोयीने मरत नाहीत, असं काहीसं तो म्हणाला आणि घर गरम ठेवायची भट्टी बघायला तळघरात गेला. हीटरचं मात्र आल्या आल्या विचारलं.

प्रेताच्या कामासाठी आम्ही ब्रॉक नावाचा एक नट ठरवला होता. त्या सकाळी ब्रॉकने हातावर तुरी दिल्या. कॅल्गरीत टूथपेस्टची जाहिरात मिळाली होती म्हणे. बरोबर आहे, तिथे दात दाखवायचे होते, आमच्याकडे तोंड मिटून पडायचं होतं. ओरेस्टने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. बाहेर चर्चच्या बायका मोटारींतून उतरायला लागल्या होत्या, मागून थोडे पुरुषही. गर्दी म्हणून त्यांनाच बोलावलं होतं, मोबदल्यात त्यांच्या हॉलच्या छपराच्या दुरुस्तीसाठी आम्ही तिथे या सिनेमाचा एक खेळ लावणार होतो. प्रत्येकीच्या हातात अंड्याच्या सँडविचचं ताट. आमच्याकडे मयताला त्याशिवाय कुणी येत नाही, खोट्याही नाही.

ओरेस्टने माझ्याकडे बघितलं. मी ग्वेनकडे बघितलं. ग्वेन म्हणाली, पडायला येतं असं या खोलीत एकच माणूस आहे.

"नाही," ओरेस्ट म्हणाला.

"मग सिनेमाला शेवट नाही," मी म्हणाले. "आणि तुला दुसरा दिवसही नाही. बस खुर्चीत, तोंड पुसू दे."

बसला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सगळा प्रवास उभं राहायसाठी केला, आणि नशिबात पुन्हा तीच पेटी. तीही बापाच्या घरातली, बापासमोर.

मी करडा रंग चढवला, डोळ्यांखाली निळसर छटा दिली, ओठ पांढरे केले. तेवढ्यात म्हातारा मागे येऊन उभा राहिला. थोडा वेळ बघून म्हणाला, "फार मेलेला दिसतोय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "मेलेलाच आहे तो, वसील."

"आमच्याकडे माणूस बरा दिसावा लागतो," तो म्हणाला. "आत्ता झोप लागलीय असा. घरच्यांना तेवढंच बघायचं असतं."

"आणि आमच्याकडे मेलेला मेलेला दिसला नाही तर लोक चॅनल बदलतात."

एकाच धंद्यातली आम्ही दोघं, आणि उलट्या दिशेने कामं करणारी. त्याने माझ्या रंगांच्या डब्यातली गुलाबी भुकटी आणि ब्रश उचलला. मला वाटलं, आता हा माझं काम बिघडवणार. ब्रश ओरेस्टच्या गालाजवळ नेला आणि तिथेच थांबला. मग ब्रश माझ्या हातात दिला, तुम्हीच करा म्हणाला, आणि पुन्हा भट्टी बघायला गेला. त्या दिवशी त्या भट्टीकडे जेवढं लक्ष दिलं गेलं तेवढं तिला आजवर मिळालं नसेल.

वेळ कमी होता. ओरेस्टने घाईघाईत सगळ्यांना उभं केलं. बायकांची पुढारी स्टेफा कोटिक, चर्चचा हॉल तिच्या मुठीत. तिने विचारलं, आम्ही नेमकं काय करायचं? ओरेस्ट म्हणाला, "खऱ्या मयताला करता तेच करा. कॅमेऱ्याकडे बघू नका, आणि कट ऐकेपर्यंत थांबू नका." त्याच्या डोक्यात होतं, बायका येतील, बाकांवर बसतील, रुमाल नाकाला लावतील, संपलं. मग तो पेटीत चढला, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. मी पाटी वाजवली. त्याने पडल्या पडल्या "ॲक्शन" म्हटलं, ओठ मिटले, आणि मेला.

कट कोण म्हणणार, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतः पेटीत पडणारा दिग्दर्शक आधी कुणालातरी बाजूला घेऊन सांगतो, की बाई, आज कट तू म्हण. हा विसरला. कायम पडून राहिलेला माणूस, पडला की कट दुसरा कुणीतरी म्हणतो याची त्याला सवय.

बायका आल्या, बसल्या, रुमाल लावले. छान झालं. आता कट व्हायला हवा होता. झाला नाही. ग्वेनने कॅमेऱ्यामागून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला काय नारळ घ्यायची हौस होती? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. थांबायचं तर नाही, मग पुढे काय? खऱ्या मयताला पुढे काय करतात, हे त्यांना झोपेतही येत होतं.

आमच्याकडे पेटी बंद व्हायच्या आधी मयताची माफी मागतात. एकेकाने पेटीपाशी जायचं आणि जे काही बोलून चालून झालं असेल ते सांगून माफी मागायची. मयत उलटून बोलत नाही, त्यामुळे लोक मोकळेपणाने मागतात. सगळ्यांत शेवटी पेटी बंद करणारा मागतो, मग झाकण लागतं.

स्टेफा उठली. पेटीवर वाकली. सिनेमातल्या माणसाचं नाव तिला कुठे माहीत? "ओरेस्ट," म्हणाली, "माफ कर रे. ख्रिसमसच्या नाटकात देवदूत तू होणार होतास. मी ते काम माझ्या भाच्याला दिलं आणि तुला मेंढी केलं. भाचा पुढे बटाट्याच्या गोदामात लागला. उगाच केलं मी."

मी ओठ चावून उभी राहिले. पेटीत काही हालचाल नाही. मग हॉकी शिकवणारे म्हातारे मास्तर आले, की तुला कधी बर्फावर उतरवलं नाही, नुसतं बाकावर बसवलं, पण खरं सांगायचं तर तुला उतरवलं असतं तर आपण हरलो असतो, तरी माफ कर. मग त्याच्या वर्गातली लारिसा आली. तिला ओरेस्टने एकदा नाचाला चल म्हणून विचारलं होतं आणि ती दात दुखतोय म्हणाली होती. दात दुखत नव्हता. हे सांगताना तिचा नवरा मागे रांगेत उभा होता, त्याने मान डोलावली. ग्वेनचे खांदे हलत होते. कॅमेरा हलू नये म्हणून ती श्वास धरून होती. आणि मला तेव्हा कळलं, की ओरेस्ट आता मुद्दामच कट म्हणत नाही. त्याने लिहिलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं चाललं होतं. बदमाश. स्वतःच्या बदनामीवर सिनेमाचा शेवट करून घेत होता.

रांग संपली. सगळ्या बायका मागे वळून दाराकडे बघायला लागल्या.

दारात म्हातारा उभा होता. भट्टीवरून आला होता, कधी आला कळलं नाही. पेटी बंद करणारा तोच. या खोलीत सगळ्यांचं बोलून झालं की पुढे येणं हे त्याचं कामच, पाय आपोआप चालत असणार. हळूहळू आला, एक हात झाकणावर ठेवला आणि मुलाकडे बघितलं. आता बंद करेल आणि शॉट संपेल असं मला वाटलं.

"ओरेस्ट," तो म्हणाला. "माफ कर. तुला तुझ्या कामाचं कधी विचारलं नाही."

मग पुढचं बोलला, इतक्या हळू की आम्ही सगळे नकळत पुढे झुकलो.

"बघितलं सगळं. एकही सोडलं नाही. तू मेलास की मी उठून फोन लावायचो. आता फोनवर विचारायचं काय? जिवंत आहेस का, असं विचारतं का कुणी? म्हणून हीटरचं विचारायचो. तिकडे हीटर लागत नाही, मला माहितेय रे. तू हॅलो म्हणालास की माझं काम झालेलं असायचं."

झाकणावरचा हात थरथरायला लागला. त्याने तो दुसऱ्या हाताने धरला.

"आख्ख्या गावाला मी पेटीत ठेवलं," तो म्हणाला. "तुझ्या आईला याच हातांनी ठेवलं. हात कधी..."

आणि पुढे बोलता येईना. त्याचा चेहरा गोळा व्हायला लागला. लहान मुलाचा होतो तसा, आधी हनुवटी, मग ओठ. मला पळून जावंसं वाटलं. हा माणूस गावातल्या प्रत्येकाच्या दुःखात ताठ उभा राहिलेला, याने कधी डोळा ओला केला नाही म्हणून तर लोक त्याच्या खांद्यावर रडायचे. आणि आता तेच लोक, स्टेफासकट, सगळे टक लावून बघत होते, वर कॅमेरा चालू. म्हातारा तिथे रडला असता तर त्याला ते आयुष्यभर पुरलं असतं. पुन्हा कुणाच्या घरी ताठ मानेने गेला नसता. आणि कट म्हणायचा अधिकार ज्याचा, तो पेटीत. मी तोंड उघडलं, शपथ, मी म्हणणारच होते.

तेवढ्यात पेटीतून घोरणं आलं.

साधंसुधं नाही. लांब, ओलं, शेवटी शिट्टी वाजणारं, ट्रॅक्टर सुरू होता होता बंद पडावा तसं. मग दुसरं आलं, पहिल्यापेक्षा मोठं. आधी लारिसाचा नवरा फुटला, मग मास्तर, मग स्टेफा, ताट हातात घेऊन इतकी हसली की सँडविच जमिनीवर. सगळी खोली हसत सुटली. म्हाताऱ्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने शांतपणे खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, घडी घालून परत ठेवला.

"झालं," तो म्हणाला. "बंद करा. चारला लोक येतायत."

आणि ग्वेनने कॅमेरा बंद केला. ओरेस्टच्या सेटवर दुसऱ्या कुणाच्या शब्दाने कॅमेरा बंद झाला तो तेवढा एकदाच.

ओरेस्ट डोळे चोळत उठून बसला. सॉरी, सॉरी, म्हणाला, झोपच लागली, पेटी फार मऊ आहे. लोक आणखी हसले. म्हातारा त्याच्याकडे बारकाईने बघत होता.

"काही ऐकलंस?" त्याने विचारलं.

"नाही, टाटो. काय म्हणालात?"

"काही नाही. गाडीचा हीटर लावलास का? इथे लागतो."

"लावलाय."

मग म्हातारा सँडविच उचलायला वाकला आणि स्टेफा त्याला ओरडली, की राहू दे, मी उचलते, तुझा सूट खराब होईल. सगळं नेहमीसारखं झालं.

मी ओरेस्टला मागच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवला आणि तोंड पुसायला घेतलं. मी त्याच्या तोंडाला इतकी वर्षं रंग लावलाय, मला कोण फसवणार? डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून कानांपर्यंत माझा करडा रंग वाहून गेला होता. दोन्ही बाजूंनी. शर्टाची कॉलर मागून ओलीचिंब. आणि म्हाताऱ्याच्या पेटीच्या उशीला करडा डाग पडला होता, तो मी नंतर लिंबू चोळून काढला. अट मोडली होती ना.

"तुझं आजवरचं सगळ्यांत चांगलं काम," मी म्हणाले.

"कुठलं?"

"घोरलास ते."

त्याने डोळे मिटून घेतले. "पुसून टाक," म्हणाला. "आणि कुठे बोलू नकोस."

मी बोलले नाही. आता बोलतेय, कारण आता ते दोघंही माझ्यावर रागावणार नाहीत, एकमेकांवर रागावायलाच त्यांना वेळ पुरत नाही.

पुढे सिनेमा तयार झाला. ओरेस्टने शेवटी म्हाताऱ्याचं बोलणं ठेवलं नाही. म्हातारा पेटीपाशी येतो, ओठ हलतात, आवाज नाही, आणि मग घोरणं. महोत्सवांत लोक तिथे हसून हसून बेजार होतात. कुणीतरी दर वेळी विचारतं, तो म्हातारा बोलतो तरी काय? ओरेस्ट सांगतो, गाडीच्या हीटरबद्दल. लोकांना वाटतं विनोद करतोय.

छपराच्या मदतीचा खेळ जुलैमध्ये लागला, व्हर्बाच्या चर्चच्या हॉलमध्ये, ठरल्याप्रमाणे. उकाड्याने जीव चालला होता, दारं उघडी टाकलेली, डास आत. सगळं गाव आलं, कारण सगळं गाव सिनेमात होतं. म्हातारा काळ्या सुटात पहिल्या रांगेत. ओरेस्ट त्याच्याशेजारी, आणि मी ओरेस्टच्या या बाजूला. स्टेफा मागे बसून पडद्यावर दिसेल त्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने सांगत होती.

शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर पेटी, पेटीत ओरेस्ट, करडा, माझ्या मते उत्तम मेलेला. म्हातारा खुर्चीत अस्वस्थ झाला. अंधारात काहीतरी चाचपलं, सुटाच्या आतल्या खिशातून फोन काढला. मला वाटलं, बघवत नाही म्हणून वेळ बघतोय.

ओरेस्टच्या खिशात फोन वाजला.

त्याने बापाकडे बघितलं नाही. बापानेही त्याच्याकडे बघितलं नाही. दोघं समोर पडद्याकडे बघत होते. त्याने फोन कानाला लावला.

"हॅलो," तो म्हणाला.

"हीटर लावलास का?" शेजारून आणि फोनमधून एकदमच आलं.

"लावलाय, टाटो."

मागून स्टेफा वाकली आणि दोघांनाही म्हणाली, की गप्प बसा जरा, मेंढीचा प्रसंग यायचाय.